सात नंबरचा पहारेकरी

मी लॅपटॉप अण्णांच्या पुढ्यात ठेवला, माउस त्यांच्या उजव्या हाताखाली सरकवला आणि म्हणालो, "हं, आता यातल्या कुणाला मारायचं ते तुम्ही ठरवा."

अण्णांनी आधी चष्मा पुसला. शनिवारची दुपार होती. आई शेजारी शेवया करायला गेली होती आणि मी पुण्याहून सकाळच्या गाडीनं एवढ्याचसाठी आलो होतो. पोरगा कॉम्प्युटरवर खेळ बनवतो आणि त्याचा पगार मिळतो, यापलीकडे माझ्या नोकरीतलं अण्णांना काही कळत नव्हतं, आणि त्यांनीही कधी खोदून विचारलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी, रविवारच्या पेपरात, आमच्या गेमची अर्ध्या पानाची जाहिरात येणार होती. त्या जाहिरातीत कोण आहे हे अण्णांना माझ्याआधी कुणी सांगितलेलं मला चाललं नसतं.

गेमचं नाव होतं 'दबा'. शत्रूची गढी, गढीवर पहारे, आणि आत शिरायला आपले तीन हेर. एक दोरावरून तट चढणारा, एक सोंग घेणारा, आणि एक गोफण चालवणारी बाई. गढी वरून दिसते. प्रत्येक पहारेकऱ्यासमोर हिरवा पंखा पसरलेला असतो, ती त्याची नजर. पंख्यात पाय पडला की पंखा लाल होतो, नगारा वाजतो आणि तिघांचा खेळ खलास. पहारेकरी आपल्यासाठी थांबत नाहीत. आपण विचार करत बसलो तरी ते फिरतच असतात, वळतात, खोकतात, पाणी पितात. तेव्हा दबा धरायचा, त्यांची चाल पाठ करायची, आणि पाठ वळली की काम उरकून मढं गवतात ओढायचं.

इतर खेळांत राग आला की बटणं बडवता येतात. इथे रागाला थंड करून डब्यात भरावं लागतं. पहिल्यांदा असा गेम खेळलो तेव्हाच मला कळलं होतं की हा खेळ माझ्यासाठीच आहे. मी बाराव्या वर्षापासून एका माणसाची पाठ वळायची वाट बघत होतो.

तो माणूस म्हणजे हिंदुराव खाडे, आमच्या गावच्या सूतगिरणीतला जमादार, म्हणजे सगळ्या वॉचमनांचा मुकादम. माझे अण्णा, बाळू आवटी, त्याच्या हाताखाली सतरा वर्षं गेटवर होते. मी सातवीत असताना खंडेनवमीच्या दिवशी गिरणीच्या स्टोअरमधून तांब्याची तार गेली. खंडेनवमीला गिरणी बंद असते. सगळी यंत्रं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालतात, आणि दुपारी मोठ्या खात्यात पूजा असते. तिला मॅनेजरपासून झाडूवाल्यापर्यंत झाडून सगळे जातात. गेटवर तेवढा एक माणूस राहतो आणि त्याला प्रसाद जागेवर नेऊन द्यायची पद्धत असते. त्या वर्षी गेटवर अण्णा होते आणि प्रसाद घेऊन आला होता खाडे.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. खाडेनं मॅनेजरसमोर सांगितलं, मी प्रसाद घेऊन गेलो तेव्हा बाळू खुर्चीत झोपला होता. झालं, अण्णांची नोकरी गेली. दसऱ्याचं सोनं वाटायच्या दिवशी ते खाकी कपडे परत करून घरी आले. मी विचारलं, तर माझ्या डोळ्यांत बघून एकच वाक्य बोलले, "रणजित, मी झोपलो नव्हतो." अण्णा खोटं बोलत नाहीत हे मला माहीत होतं. घरात मांजर पातेल्याला तोंड लावायच्या आत ते उठून बसायचे, तो माणूस भर दुपारी ड्यूटीवर कसला झोपतोय?

पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? अण्णा झाले झोप्या आवटी, मी झोप्याचा पोरगा. वर्गात गुरुजी फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून घोरण्याचे आवाज यायचे. अण्णांनी पुढं लाकडाच्या वखारीत ओंडके उचलले, आणि पावतीवर सही करताना तिथला पोऱ्यासुद्धा 'जागे आहात ना' म्हणायचा. त्या भाऊबीजेला सदामामा, म्हणजे आईचा सख्खा भाऊ, माझ्यासाठी फटाक्यांची मोठी पेटी घेऊन आला होता. मी त्याला म्हणालो, मोठा झालो की खाडेला सोडत नाही. मामानं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, वाघ आहेस.

वाघ कसला! मी आपला मुकाट अभ्यास करत राहिलो. परीक्षेत कंटाळा आला की खाडेचं तोंड आठवायचं, मग झोप उडायची. डावी पापणी अर्धी मिटलेली, पांढऱ्या मिशा, हनुवटीवर चामखीळ. घरात गिरणीचा एक ग्रुप फोटो होता, सव्वीस जानेवारीचा. त्यात तो पहिल्या रांगेत छाती काढून बसला होता. पुण्याला जाताना तो फोटो मी पिशवीत घालून नेला, आणि 'दबा'तल्या धान्यकोठाराची पातळी, म्हणजे लेव्हल, रचायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा बाहेर काढला.

आमच्याकडे पहारेकऱ्यांना चेहरे द्यायला ओळखीच्यांचे फोटो वापरायची सर्रास पद्धत होती. कुणी आपल्या भावाचा द्यायचा, कुणी घरमालकाचा. मी सात नंबरच्या पहारेकऱ्याला खाडे दिला. पापणी, मिशा, चामखीळ, सगळं. आणि त्याला कोठाराच्या दाराशी स्टुलावर बसवून झोपाळू केला. बाकीचे अकरा पहारेकरी डोळ्यांत तेल घालून फिरायचे, हा दर चाळीस सेकंदांनी मान टाकायचा. त्याचा पंखा मिटायचा आणि तोंडातून लाळ गळायची. ती लाळ काढायला मला दोन दिवस लागले, पण काढली.

मग त्याला मारायच्या सोयी केल्या. माडीवरून धान्याचं पोतं पाडायचं, मागून खंजीर, गोफणीचा दगड, पाण्यात विष, बैल सोडून. इतरांना दोन मरणं, सात नंबरला नऊ. ऑफिसात तो इतका लाडका झाला की गेम खेळून तपासणारी मुलं दमली की येऊन एकदा त्याला मारून जायची. मी खुर्चीत मागं रेलून ऐकत बसायचो. पोतं पडल्याचा आवाज आला की माझं अंग हलकं व्हायचं. खोटं कशाला बोलू, तेवढा आनंद मला पहिल्या पगारानंही दिला नव्हता.

शेवटी गेमच्या खोक्यावर छापायला चित्र निवडायची वेळ आली, आणि आमचे साहेब नचिकेत यांनी तेच निवडलं. स्टुलावर झोपलेला सात नंबर, मागं खंजीर घेऊन उभा हेर. जाहिरातीतही तेच. मी काही सुचवलं नव्हतं. पण जाहिरात आमच्या गावाकडच्या आवृत्तीतही येणार हे कळलं तेव्हा मी जिन्यात जाऊन एकटाच हसलो. घराघरात पेपर पडणार, आणि चहाबरोबर सगळं गाव बघणार की ड्यूटीवर कोण झोपतंय.

असा सगळा पाया भक्कम रचून मी त्या शनिवारी अण्णांसमोर बसलो होतो.

सुरुवातीला अण्णा रंगले. माउस त्यांना झेपेना, म्हणून ते बोटानं दाखवायचे आणि मी चालवायचो. माझ्या पहाऱ्यात त्यांनी पाच मिनिटांत ढीगभर चुका काढल्या. हा उन्हात का उभा, वॉचमन सावली धरतो. हे दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत, असं कधी होत नाही, तंबाखू कुणाकडून मागणार? आणि ही नजर सरळ समोर काय टाकलीस, गेटवरचा माणूस आधी येणाऱ्याचे हात बघतो, मग तोंड. मी एवढे महिने डोकं घातलं होतं त्यात, आणि वखारीतला म्हातारा माझी गढी सोलून काढत होता. मला फार बरं वाटलं.

मग आम्ही कोठाराशी पोचलो. सात नंबरनं मान टाकली, पंखा मिटला. मी चित्र मोठं केलं आणि अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

अण्णा पुढं वाकले.

"खाडे जमादार," ते म्हणाले.

"तोच. आता बघा, वर पोतं आहे. हे बटण दाबा, बास."

त्यांनी बटण दाबलं नाही. हात उचलून मांडीवर ठेवला. "त्येला झोपवलंस व्हय?"

"मग! सगळ्या गावाला दिसू दे. उद्या पेपरात येतंय." आणि मी जाहिरातीचं सगळं सांगून टाकलं, अगदी लाळेसकट. पुरणपोळी वाढावी तसं वाढलं.

अण्णांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी विचारलं, ते थांबवता येईल का? मी म्हटलं, थांबवायचं कशाला? तो खोटं बोलला, तुमची नोकरी खाल्ली, तुम्ही जागे होता हे तुम्हीच सांगितलं ना मला?

"जागा हुतो," अण्णा म्हणाले. "चांगला जागा हुतो. म्हणून तर."

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि सांगितलं. आई येते का म्हणून मधूनमधून दाराकडे बघत, हळू आवाजात. त्या दुपारी ते गेटवर एकटे होते. स्टोअरच्या बाजूला खडखड झाली म्हणून गेले, तर सदामामा. मामा जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरायचं काम करायचा, गिरणीत त्याची ये-जा होती. खांद्यावर तांब्याची दोन भेंडोळी घेऊन तो मागच्या भिंतीकडे निघाला होता. अण्णांना बघून थबकला, पण पळाला नाही. अण्णाही ओरडले नाहीत. ते वळले, गेटवर आले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"शिट्टी गळ्यात हुती माझ्या," ते म्हणाले. "तोंडापातूर नेली पन वाजवली न्हाई. वीस दिवसांवर दिवाळी. तुझ्या आईला एकच भाऊ. त्येला पकडून दिला असता तर भाऊबीजेला तिनं कुणाला ओवाळलं असतं?"

त्याच वेळी खाडे प्रसादाचा द्रोण घेऊन आला. त्यानं भिंतीवरून उतरणारा मामा पाहिला, आणि पाठ करून ताठ उभा असलेला बाळू आवटीही पाहिला. पहाऱ्यात मुरलेला जमादार तो, त्याला काय समजायचं ते समजलं. द्रोण टेबलावर ठेवून तो एक शब्द न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी मॅनेजर पोलिसांना बोलवायच्या तयारीत होता. तपासात मेव्हणा चोर आणि दाजी वॉचमन निघाल्यावर दोघांनाही बेड्या पडल्या असत्या. तेव्हा खाडे पुढं झाला आणि म्हणाला, साहेब, झोपला होता. झोपेला बेडी नसते, नुसती नोकरी जाते.

मला आधी हे खरंच वाटेना. नंतर वाटलं, तेव्हा संताप आला, आणि तो कुणावर काढावा हेच कळेना. मी अण्णांना म्हणालो, "मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलं? माझ्यासमोर तो माणूस रस्त्यानं जायचा आणि मी थुंकायचो."

अण्णा खाली बघून म्हणाले, "धाकटा हुतास, तोंडातनं गेलं असतं. मोठा झालास तर बघितलं, त्या रागावर तू पहाटंचा उठून अभ्यास करतोयस. म्हटलं, जळू दे. माझ्याजवळ तुला द्यायला दुसरं काय हुतं?" मग म्हणाले, "जमादाराचं वाईट केलं मी. ह्ये मला ठाऊक हाय."

मी नचिकेतना फोन लावला. ते म्हणाले, पान गुरुवारीच गेलंय, पेपर छापायलाही लागले असतील, आणि काय बिनसलंय एवढं? मी म्हटलं, चेहरा बदलायचा होता. त्यांनी विचारलं, का, कुणाचा आहे? मी म्हणालो, कुणाचा नाही. ते हसले आणि म्हणाले, वेड्या, त्या चेहऱ्यावरच तर गेम खपणार आहे. गेम पुढं खरोखरच त्या चेहऱ्यावर खपला. दोन महिन्यांनी दुरुस्तीच्या आवृत्तीत मी सात नंबरला दुसरं तोंड दिलं, तर लोकांनी पत्रं पाठवली की आमचा म्हातारा परत द्या.

रविवारी सकाळी अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि म्हणाले, चल. खाडेच्या घराकडे चौदा वर्षांत ते फिरकले नव्हते. गाव समजत होतं रागानं, मीही तेच समजत होतो. वाटेत पानपट्टीवर दोघं-तिघं पेपरात डोकं घालून हसत होते. आम्हाला बघून ते अजूनच हसले, आणि एकजण म्हणाला, आवटी, फेडलं की हो पोरानं. अण्णा थांबले नाहीत. मी रस्ताभर माफीची वाक्यं जुळवत होतो. पाय धरायचे हे नक्की केलं होतं.

ओसरीवर माणसं होती. खाडे बाजेवर बसला होता, बाहत्तरीचा, वाळलेला. छाती कुठं गेली कुणास ठाऊक. पापणी तेवढी तशीच होती. पेपर त्याच्या मांडीवर उघडा होता. शेजारची दोन माणसं उभी होती, सून दारात, आणि नऊ-दहा वर्षांची नात आज्जाच्या खांद्यावरून चित्र बघत होती. त्याचा मुलगा आम्हाला बघून पायऱ्या उतरून खालीच आला.

"लाज न्हाई वाटली?" तो मला म्हणाला. "अठ्ठावीस वर्सं गेटवर उभा ऱ्हायला माझा बाप. डोळ्याला डोळा लागला न्हाई कधी. आणि त्येला झोपलेला दाखवतोस? तू? झोप्याचा पोरगा?"

शेजाऱ्यांतला एक फिसकन हसला. रस्ताभर जुळवलेली वाक्यं काही कामाची नव्हती. माफी मागायची तर का मागतोय हे सांगावं लागणार होतं. ते सांगायचं म्हणजे खाडे काय खोटं बोलला, का बोलला, मामा, तार, शिट्टी, सगळं त्या ओसरीवर चार लोकांसमोर मांडायचं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. ते सांगणार होते. मला दिसत होतं, ते आता सांगणारच होते.

तेवढ्यात नातीनं विचारलं, "आज्जा, तुमी खरंच झोपला हुता?"

खाडेनं पेपरची घडी घातली. एकदा अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्त वेळ.

"व्हय बाळ," तो म्हणाला. "झोपलो हुतो एकदा. खंडेनवमीला. परसाद द्यायला म्हणून गेलो, बाळूला हातपाय धुवून ये म्हटलं आणि त्येच्या खुर्चीत माझाच डोळा लागला. तवाच तार गेली. ह्यो बाळू जागा हुता. मी आपली कातडी वाचवायला त्येचं नाव सांगितलं, आणि त्यानं कुणापुढं तोंड न्हाई उघडलं."

"आबा!" मुलगा म्हणाला.

"खरं हाय त्ये. पोरानं बरोबर चित्र काढलंय."

"जमादार," अण्णा पायरी चढत म्हणाले, "जमादार, तुमी..."

"बस रं बाळू. पाय दुखतील. सूनबाई, च्या टाक."

अण्णा बसले. मीही बसलो. मुलगा आत निघून गेला तो आम्ही असेपर्यंत बाहेर आला नाही. शेजाऱ्यांपैकी एकजण चहासाठी न थांबता लगबगीनं गेला, आणि कुठं गेला हे सगळ्यांनाच कळलं.

हे आता सांगतोय, कारण आई गेली, मामा गेला, अण्णाही दोन वर्षांपूर्वी गेले. आईनं शेवटपर्यंत दर भाऊबीजेला मामाला ओवाळलं. खाडे त्या सकाळनंतर तीन वर्षं जगला. ती तीन वर्षं तो गावात झोप्या जमादार होता. पोरं त्याच्या दारावरून जाताना घोरायची. सुनेनं त्याला चावडीवर जायचं बंद करायला लावलं आणि मुलगा त्याच्याशी कामापुरतं बोलायचा. अण्णांना मात्र वखारीचा मालक उठून खुर्ची द्यायला लागला, आणि माझ्या लग्नात माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरची दोन पोरं अण्णांच्या पाया पडली.

बाराव्या वर्षी मी देवापुढं उभा राहून जे जे मागितलं होतं, ते खाडेनं मला एका सकाळी सगळंच्या सगळं दिलं.